गाडीत साचणारे एसीचे पाणी: तुंबलेली ड्रेन नळी घरच्या घरी कशी मोकळी करावी

पहिला चांगला पाऊस पडून जातो, हवा दमट होते आणि चालकाच्या शेजारी बसणारा माणूस सांगतो की पायाखालची मॅट ओली लागते आहे. अशा वेळी बहुतेकांचा संशय दाराच्या रबरावर किंवा पुढच्या काचेवर जातो, तर काही जण थेट एसीवाल्याकडे जाऊन गॅस तपासून घेतात. वास्तविक या तक्रारीमागे पुष्कळदा बोटाएवढी एक रबरी नळी असते. एसीचे पाणी गाडीखाली सोडण्यासाठी ती दिलेली असते आणि धुळीने, चिखलाने ती बुजलेली असते. नळी मोकळी करण्याचे काम घरच्या अंगणात अर्ध्या दिवसात होते आणि त्याला खर्च जवळजवळ येत नाही. मात्र ते घाईने किंवा चुकीच्या साधनाने केले, तर नळीपेक्षा कित्येक पटींनी महाग असलेली कूलिंग कॉइल फुटू शकते. त्यामुळे काय करावे याच्या जोडीला काय टाळावे हेही पुढे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

पाणी येते कुठून

डॅशबोर्डच्या आत, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा मधोमध, प्लास्टिकची एक बंद पेटी असते. तिच्यात ब्लोअर, ॲल्युमिनियमची कूलिंग कॉइल आणि हीटरची जाळी बसवलेली असते. ब्लोअरने ढकललेली हवा थंड कॉइलवरून जाताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, ते कॉइलवरून ओघळून पेटीच्या तळाशी उतरते आणि तळाच्या उतारावरून ड्रेनच्या तोंडाशी येते. हे तोंड इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, पुढे बाहेर पडते. काही गाड्यांत ते गाडीच्या मधोमध फरशीतून खाली काढलेले असते. त्याच्या टोकाला काळ्या रबराची छोटी, बहुधा काटकोनात वळलेली नळी असते. उभ्या गाडीखाली दिसणारे पाण्याचे थेंब तिथूनच पडतात आणि ते एसी नीट चालल्याचे लक्षण आहे.

मराठवाड्याच्या हवामानात या पाण्याचे गणित समजून घेणे फार गरजेचे आहे. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असलेल्या पावसाळी हवेत दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. कॉइलवर ती हवा ८ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यात सुमारे ८ ग्रॅमच बाष्प टिकू शकते आणि उरलेल्या १५ ग्रॅमचे पाणी होते. ब्लोअर तासाला शेकडो घनमीटर हवा ओढत असल्यामुळे पावसाळ्यात तासाभरात लिटरभर पाणी सहज जमते. आता परभणी किंवा बीडकडची मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर त्या हवेत मुळात ७-८ ग्रॅमच बाष्प असते. कॉइलवर ती ८ अंशांपर्यंत थंड झाली, तरी तिच्यातून पाणी जवळजवळ सुटतच नाही.

म्हणजे आपल्याकडे नळी तुंबते उन्हाळ्यात आणि कळते मृगात. एप्रिल-मेमध्ये धूळ बसून वाट बंद झालेली असते, पण वाहायला पाणीच नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा पालटते, लिटरभर पाण्याला जायला जागा मिळत नाही आणि ते पेटीच्या कडेवरून केबिनमध्ये उतरते. कोकणात थेंब पडत नाहीत एवढ्यावरून नळी तुंबल्याचे ओळखता येते. आपल्याकडे मे महिन्यात थेंब न पडणे स्वाभाविक असते, म्हणून त्या दिवसांत केवळ बघून भागत नाही, नळी हाताने तपासावी लागते. ही तपासणी मृग नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आसपास होणाऱ्या बदलापूर्वी उरकली, तर पुढचा सगळा त्रास टळतो.

नळी कशाने बुजते

सर्वांत मोठे कारण धूळ. ब्लोअरबरोबर आत आलेली बारीक धूळ ओल्या कॉइलला चिकटते, पाण्याबरोबर तळाशी जाते आणि तिचा गाळ होतो. ज्या गाडीला केबिन फिल्टर नाही, किंवा असून वर्षानुवर्षे बदललेला नाही, तिथे हा गाळ फार लवकर साचतो. सोयाबीनची मळणी चालू असताना उडणारा भुसा, जिनिंगच्या हंगामात रस्त्याकडेला लोळणारी कापसाची तूस आणि चैत्रात कडुलिंबाचा झडणारा फुलोरा हे सगळे वायपरखालच्या जाळीतून हवेच्या वाटेवर येते. गाडी रोज कडुलिंबाखाली उभी राहत असेल, तर ती जाळी एकदा बोटाने चाचपून पाहावी. फुलांचा आणि काड्यांचा थर तिथे हमखास सापडतो.

दुसरे कारण बाहेरून येते आणि ते खास आपल्या भागाचे आहे. पावसात शेतरस्त्यावर गाडी घातली की काळ्या मातीचा चिखल खालून नळीच्या तोंडाला लागतो आणि उघडीप पडल्यावर वाळून कडक होतो. काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती जास्त असते. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसून दगडासारखी घट्ट होते. त्यामुळे असा बोळा पाणी मारून आत ढकलण्याचा प्रयत्न केला, तर तो आणखी फुगून वाट जास्तच बंद करतो. तो भिजवून मऊ करावा आणि बाहेरच्या बाजूला ओढून काढावा, हेच बरोबर.

याशिवाय कुंभारीण माशी नळीत मातीचे घर बांधते, जुन्या गाडीत पेटीतल्या झडपांचा काळा स्पंज कुसकरून तळाशी येतो आणि गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला मारलेले काळे कोटिंग कधी कधी नळीच्या तोंडावरही मारले जाते. कोटिंग करून घेतल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पाणी आत येऊ लागले, तर आधी हाच संशय घ्यावा.

हे पाणी एसीचेच आहे ना?

नळीला हात लावण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळवले पाहिजे, कारण ओली मॅट तीन वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकते आणि त्यांपैकी एका कारणाचा उपाय पूर्णपणे वेगळा आहे.

मॅट उचलून खालच्या कार्पेटवर पांढरा सुती कपडा किंवा टिश्यू पेपर घट्ट दाबावा. कपड्यावर नितळ, बिनरंगाचे, फार तर मातकट पाणी आले आणि बोटांना ते साध्या पाण्यासारखेच लागले, तर ते एसीचे किंवा पावसाचे आहे. ओल हिरवट, गुलाबी किंवा निळसर असेल, बोटांना बुळबुळीत लागत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते हीटरच्या जाळीतून गळणारे कूलंट आहे. अशा गाडीत काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत जाते. कूलंट विषारी असते, म्हणून ते मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी जाऊ न देता पुसून घ्यावे आणि गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी. कूलंट कमी होऊन इंजिन तापले, तर नुकसान फार मोठे होते.

पाणी साधे निघाले, तर ते पावसाचे की एसीचे एवढेच ठरवायचे राहते. पाऊस नसलेल्या दिवशी कार्पेट शक्य तितके कोरडे करून एसी चालू ठेवून अर्धा तास गाडी चालवावी. ओल पुन्हा आली, तर पाणी एसीचे. एसी बंद असताना केवळ पावसात किंवा गाडी धुतल्यावर ओल येत असेल, तर दाराचे रबर, पुढच्या काचेची कड, वायपरखालच्या भागाची पाणी जाण्याची वाट आणि सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या तपासाव्यात. त्या वेळी एसीची नळी साफ करून काही उपयोग होणार नाही.

एसीची नळी तुंबल्याच्या आणखी काही खुणा आहेत. ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर डॅशबोर्डच्या आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो, एसी सुरू करताच कुबट वास येतो, काचा आतून लवकर धुरकट होतात. पाणी फारच साचले, तर ब्लोअरचा आवाज बदलतो. एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी: प्रवासात हवेचा झोत हळूहळू कमी होत गेला आणि एसी बंद केल्यावर एकदम भरपूर पाणी पडले, तर कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता आहे. तिथे गच्च भरलेला फिल्टर किंवा गॅसचा दोष तपासावा लागतो. मात्र केवळ मॅट ओली होते म्हणून कोणी गॅस भरायला सांगितले, तर ऐकू नये. नळी तुंबण्याचा आणि गॅस कमी होण्याचा एकमेकांशी संबंध नाही.

लागणारे सामान

बाजारात खास साधने मिळतात, पण आपल्याकडे शेतीशी संबंध असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात उपयोगी वस्तू पडलेल्या असतात. ठिबकची उरलेली मऊ मायक्रोट्यूब, गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉन दोरी, मोठी प्लास्टिकची सिरिंज (५० मिलिलिटरची असल्यास उत्तम, जनावरांच्या औषधाच्या दुकानातही मिळते, पण नवीच घ्यावी), सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, टॉर्च, उथळ भांडे, जुने सुती कपडे, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे एवढे पुरते. ओले पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला, तर काम निम्म्याने सोपे होते. घरातला साधा, फक्त कोरड्या धुळीसाठी असलेला व्हॅक्यूम मात्र पाण्यासाठी वापरू नये. त्यात विजेचा झटका बसण्याचा धोका असतो.

दोन वस्तूंना कटाक्षाने दूर ठेवावे. पहिली, लोखंडी तार, सायकलचा स्पोक किंवा स्क्रू ड्रायव्हर. नळीपासून कॉइल कित्येकदा चार-सहा इंचांवरच असते आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या भिंती अतिशय पातळ असतात. एक टोचा बसला की गॅस निघून जातो आणि डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते. दुसरी वस्तू फवारणीचा पंप. पाण्याला जोर चांगला मिळतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो, पण त्याच्या टाकीत आणि नळीत कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो. कॉइलच्या पेटीत गेलेला तो अंश नंतर एसीच्या हवेबरोबर थेट आपल्या आणि मुलांच्या श्वासात येतो. पंप कितीही धुतला असला, तरी या कामासाठी तो नकोच.

गाडी उभी करणे

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करावी. इंजिन बंद करून तासभर निवू द्यावे, कारण नळीच्या आसपास सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनाचा मागचा भाग असतो आणि त्यांचा चटका गंभीर असतो. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी.

उंच गाड्यांत पाठीवर झोपून हात नळीपर्यंत पोहोचतो आणि जॅक लावावाच लागत नाही. लहान गाड्यांत तो लावावा लागला, तर केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. योग्य क्षमतेचे जॅक स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ते कंपनीने नेमून दिलेल्या जागी लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली शिरावे. विटा किंवा दगड रचून गाडी टेकवणे जिवावर बेतू शकते. स्टँड नसेल, तर ओळखीच्या गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी नेऊन हेच काम करावे.

गाडीचे तोंड उचलले की आत साचलेले पाणी मागे, म्हणजे केबिनच्या बाजूला झुकते, हेही ध्यानात ठेवावे. गाडी उचलण्यापूर्वी मॅट काढून कार्पेटवर जुने टॉवेल अंथरले, तर नवे पाणी फोममध्ये मुरत नाही. बोनेट उघडून वरूनच नळीपर्यंत हात जात असेल, तर तोंड उचलण्याची गरजही राहत नाही.

नळी शोधणे

बोनेट उघडून फायरवॉलवर टॉर्च मारावी. एसीचे दोन ॲल्युमिनियमचे पाइप, एक जाड आणि एक बारीक, जिथे फायरवॉलमधून आत जातात, त्या जागेच्या खालच्या बाजूला शोधत जावे. तिथेच बहुधा हीटरच्या दोन रबरी नळ्याही आत शिरलेल्या असतात. त्यांना क्लॅम्प लावलेला असतो आणि त्यांत गरम कूलंट असते, त्यामुळे त्या ओढू नयेत. ड्रेनच्या नळीला क्लॅम्प नसतो, दुसरे टोक कशालाही जोडलेले नसते आणि तिचे तोंड जमिनीकडे उघडे असते. गाडीच्या पुस्तिकेत आकृती असेल, तर आधी ती पाहावी. गिअरबॉक्सच्या आणि टाकीच्या हवा सोडणाऱ्या बारीक नळ्याही तोंड उघड्याच असतात. दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून नळी बोटाने मागोमाग चाचपत फायरवॉलपर्यंत नेऊन खात्री करून घ्यावी.

नळी मोकळी करण्याची पद्धत

डोळ्यांना चष्मा लावून, तोंड नळीच्या रेषेतून बाजूला ठेवूनच सुरुवात करावी. बोळा निघताच आतले पाणी धारेने येते.

प्रथम नळीचे तोंड बारकाईने पाहावे. काही नळ्यांच्या टोकाला रबराचे दोन ओठ मिटलेले असतात आणि त्यांच्यामध्ये चिरेएवढी फट असते. बाहेरची धूळ आणि किडे आत जाऊ नयेत, पाणी मात्र यावे, अशी ती रचना आहे. वाळलेल्या चिखलाने हे ओठ एकमेकांना चिकटतात. बाहेरून पाहिले तर राखाडी रंगाची एक सरळ रेघ दिसते, पण ओठांच्या दोन्ही कडा चिमटीत धरून दाबल्या की माती चिरते, पापडीसारखे तुकडे पडतात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच पाणी सुटते. म्हणून कोणतेही साधन घालण्यापूर्वी नळी बोटांनी चारी बाजूंनी हलकेच चुरून पाहावी. रबर जुने झाले असेल, तर जोर लावू नये. ते तडकले, तर पाणी फायरवॉलवरून आतच ओघळू लागेल.

काळ्या मातीचा बोळा बसला असेल, तर ओला कपडा नळीच्या तोंडाला गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. माती मऊ झाली की नायलॉन दोरीचे टोक मेणबत्तीवर किंचित गोल करून घ्यावे आणि बोळ्याच्या कडेने दोन-तीन इंचांपर्यंतच आत सरकवून, गोल फिरवत, माती बाहेर ओढावी. दोरीवर आधीच तीन इंचांवर चिकटपट्टी लावून खूण केली, तर ती किती आत गेली हे कळत राहते. नळी काटकोनात वळलेली असेल आणि सहज निघत असेल, तर ती फायरवॉलच्या तोंडावरून काढून स्वच्छ धुवावी. परत बसवताना ती पूर्ण चढली आहे आणि तोंड खालीच आहे याची खात्री करावी.

त्यानंतर ओढ लावावी. व्हॅक्यूमच्या नळीच्या आणि ड्रेनच्या तोंडाभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून सांधा घट्ट करावा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या झटक्यांनी पाणी आणि गाळ ओढून घ्यावा. व्हॅक्यूम नसेल, तर मायक्रोट्यूब सिरिंजला जोडून, ती नळीत खुणेपर्यंत सरकवून, दट्ट्या हळूहळू मागे ओढावा. वेळ जास्त लागतो, पण काम होते. आधी मातकट पाणी येते, मग काळ्या स्पंजचे कण किंवा कापसाचे तंतू येतात आणि शेवटी पाणी नितळ होते. भांड्यात काय पडले ते अवश्य पाहावे. माती असेल तर दोष बाहेरचा, तंतू आणि पाने असतील तर दोष फिल्टरचा आणि वायपरखालच्या जाळीचा, स्पंज असेल तर पेटीतल्या झडपा जुन्या झाल्याची ती खूण.

यापुढचे काम धुण्याचे. सिरिंजमध्ये २० ते ३० मिलिलिटर कोमट, स्वच्छ पाणी घेऊन मायक्रोट्यूबने अगदी हळू वर सोडावे आणि ट्यूब काढून ते परत खाली येऊ द्यावे. पाणी नितळ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. या वेळी घरातल्या कोणाला तरी डाव्या सीटपाशी बसवून पाणी आत झिरपते का यावर लक्ष ठेवायला सांगावे आणि झिरपू लागले तर लगेच थांबावे. फिनाईल, ब्लीच, ॲसिड किंवा नळ साफ करण्याची पावडर यांपैकी काहीही आत घालू नये. त्यांनी ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि वाफ केबिनमध्ये येते. फिल्टरच्या जागेतून किंवा वायपरखालून वरून पाणी ओतणेही टाळावे, कारण अनेक गाड्यांत त्याच वाटेवर ब्लोअरची मोटर असते.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तिने नळी मोकळी होतेही. मला मात्र ती पटत नाही. त्या टाकीतली हवा शंभर पीएसआयच्या वर असते. खालून इतक्या जोराने मारलेली हवा गाळ आणि पाणी कॉइलवर, ब्लोअरवर आणि वायरींवर उडवते, प्लास्टिकच्या पेटीचे सांधे उघडू शकते आणि बोळा वर गेला तर पुन्हा खाली येऊन तिथेच बसतो. दुसरा उपायच नसेल, तर सायकलच्या हातपंपाने हलके झोत द्यावेत. तेवढा दाब पुरेसा असतो.

चाचणी

पावसाळी हवा असेल, तर चाचणी सोपी आहे. गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, बंद शेडमध्ये नव्हे, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. एसी पूर्ण थंडाव्यावर, ब्लोअर मध्यम वेगावर आणि बाहेरची हवा आत घेण्याच्या खुणेवर ठेवून पंधरा ते वीस मिनिटे चालवावे. गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरला, तर पहिला थेंब कधी आणि कुठे पडला हे स्पष्ट दिसते. थेंबांची संततधार लागली आणि आत कार्पेटच्या वरच्या भागात, फायरवॉललगत, बोटांना नवी ओल लागली नाही, तर नळी मोकळी झाली.

कोरड्या उन्हाळ्यात काम केले असेल, तर मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरून त्यावर दोन-तीन ओले, पिळलेले टॉवेल पसरावेत आणि हवा आतल्या आत फिरवण्याच्या खुणेवर एसी चालवावा. टॉवेलमधली ओल केबिनच्या हवेत मिसळते, कॉइलवर तिचे पाणी होते आणि मे महिन्यातही गाडीखाली थेंब दिसतात. मृगाआधीच्या तपासणीसाठी ही युक्ती फार उपयोगी आहे.

ओले कार्पेट

नळी मोकळी झाली म्हणून काम संपत नाही. कार्पेटखाली जाड फोम असतो आणि वरून कोरडे वाटले, तरी त्यात पाणी साठून राहते. त्यातूनच कुबट वास येतो, पत्र्याला गंज लागतो आणि तिथून जाणाऱ्या वायरींच्या जोडांना हिरवट गंज चढतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी हलक्या हाताने क्लिपांतून उचलून कार्पेटची कड मोकळी करावी आणि खाली लाकडी ठोकळा सरकवून कार्पेट फरशीपासून वर ठेवावे. सुती कपड्यांनी फोम दाबून दाबून जितके पाणी काढता येईल तितके काढावे, मग दारे उघडी ठेवून टेबल फॅनचा झोत कार्पेटखाली सोडावा. उन्हाळ्यात दोन उन्हांत कार्पेट सुकते. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवसही लागू शकतात आणि तेवढे दिवस द्यावेतच. सीटखाली पिवळ्या रंगाचा जोड दिसला, तर तो एअरबॅगचा असू शकतो, म्हणून त्याला हात लावू नये आणि त्यासाठी सीटही काढू नये. वायरींच्या गुच्छापर्यंत पाणी पोहोचले असेल, फ्यूज उडत असेल किंवा ब्लोअर अडखळत असेल, तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

वास राहिलाच, तर फिल्टर बदलावा. फिल्टर साधारण १० ते १५ हजार किलोमीटरला बदलतात, पण खेड्यांतल्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाडीचा फिल्टर मळणीचा हंगाम संपला की काढून पाहणे चांगले. घर येण्याआधी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवण्याची सवय लावली, तर कॉइल कोरडी होते आणि गाळाला चिकटायला ओलही उरत नाही.

घरी न जमणारे

गाडी वॉरंटीत असेल, तर नळीच्या तोंडापुढे काहीही उघडू नये. सर्व्हिस सेंटरकडून हे काम करून घ्यावे. नळी मोकळी असूनही पाणी आत येत असेल, तर पेटीचा सांधा उघडला आहे, ड्रेनचे तोंड फायरवॉलच्या भोकातून निसटले आहे किंवा तळाशी गाळाचा थर घट्ट बसला आहे, असे समजावे. साफ केल्यानंतर काही दिवसांतच नळी पुन्हा बुजली आणि स्पंजचे कण येतच राहिले, तरीही प्रकरण पेटीच्या आतले असते. काही गाड्यांत ब्लोअर काढून आत हात घालता येतो. बहुतेकींत मात्र आधी यंत्राने गॅस काढून घ्यावा लागतो आणि मग डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गॅस हवेत सोडून काम करणाऱ्या माणसाकडे हे देऊ नये. काम देतानाच पेटीचे स्पंज, फायरवॉलवरचे रबर आणि ड्रेनची नळी हे तिन्ही नवे बसवायला स्पष्ट सांगावे आणि जुने भाग परत मागून घ्यावेत, कारण या तिन्हींची किंमत किरकोळ असते आणि त्यांच्यासाठी डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उतरवणे कोणालाच परवडत नाही.